मागेल त्याला काम : वि. स. पागे, रोजगार हमीचा कायदा आणि भूम

आमदाराचे काम कोणते, असा प्रश्न भूमच्या बाजारात एखाद्या शेतकऱ्याला विचारला तर उत्तर बहुधा ठरलेले असते. गावाला रस्ता आणावा, तलाव मंजूर करून घ्यावा, शाळेला खोल्या मिळवून द्याव्यात, कचेरीत अडलेले प्रकरण मार्गी लावावे. ही अपेक्षा गैर आहे असे कोणी म्हणू नये. ज्या मुलुखात पाण्याचा हंडा हीच दिवसाची पहिली चिंता असते, तेथे लोकप्रतिनिधीचे मोजमाप तलावावरूनच होणार. परंतु ‘विधिमंडळाचा सदस्य’ या शब्दांतच त्याचे मुख्य काम सांगितलेले आहे. विधी म्हणजे कायदा. रस्ता एका गावाचा असतो, तलाव एका शिवाराचा असतो. कायदा मात्र ज्या गावाचे नावही सभागृहात कधी उच्चारले गेले नाही, त्या गावालाही लागू होतो.

महाराष्ट्राच्या विधिमंडळात असा एक सदस्य होऊन गेला, ज्याने आपल्या गावच्या शिवारात सुचलेला एक विचार वर्षानुवर्षे जपला आणि अखेर त्याचा साऱ्या राज्यासाठी कायदा होताना पाहिला. हे सदस्य म्हणजे विठ्ठल सखाराम पागे. ते सांगली जिल्ह्यातले. भूमच्या मतदारांपुढे ते कधी उभे राहिले नाहीत. तरीही भूम तालुक्यातील पाझर तलावांच्या, नालाबांधांच्या आणि खडीच्या रस्त्यांच्या इतिहासात त्यांच्या विचाराचा वाटा मोठा आहे. तो विचार कसा जन्मला, त्याचा कायदा कसा झाला आणि भूमसारख्या तालुक्यात त्या कायद्याचे काय झाले, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घ्यावयाचा आहे.

दोन खोऱ्यांमधला तालुका

भूम तालुका बालाघाटच्या डोंगररांगेवर आणि तिच्या उतारावर वसला आहे. बीड, अहिल्यानगर आणि सोलापूर या तीन जिल्ह्यांचा त्याला शेजार. बाणगंगेचे पाणी सीनेला मिळते, सीना भीमेला आणि भीमा कृष्णेला. डोंगराच्या दुसऱ्या अंगाचे पाणी मांजरेत उतरते आणि मांजरेबरोबर गोदावरीला जाते. म्हणजे या माथ्यावर पडणारा पाऊस दोन मोठ्या खोऱ्यांत वाटला जातो आणि माथ्यावरच्या माणसाकडे फारसा थांबत नाही. सह्याद्रीने अडवलेल्या मेघांतून उरलेसुरले जे पूर्वेकडे येते त्यावर येथली ज्वारी पिकते. आणि खडकाळ, उथळ जमिनीत ती ओल फार दिवस टिकत नाही.

या भूमीला स्वतःचे वैभव नाही असे मात्र नव्हे. मानकेश्वरचे प्राचीन शिवमंदिर याच तालुक्यात आहे. कुंथलगिरी हे जैनांचे सिद्धक्षेत्रही येथेच. आचार्य शांतिसागर महाराजांनी १९५५ साली तेथे सल्लेखना घेऊन देह ठेवला. या परिसरातील खव्याची कीर्ती दूरवर पसरली असून ‘कुंथलगिरी खवा’ या नावाला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. खव्याचे हे वैभव नीट पाहिले तर तेही दुष्काळाचेच अपत्य आहे. जेथे पिकाचा भरवसा नाही तेथे शेतकरी जनावरावर विसंबतो. आणि जेथे दूध ताजे पोचवण्याची सोय नव्हती तेथे ते आटवून विकणे हाच शहाणपणा होता. मात्र जनावरालाही चारा आणि पाणी लागते. पाऊस सलग दोन वर्षे रुसला की हा आधारही खचतो आणि दावणी रिकाम्या होतात.

राजकीय दृष्ट्या हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. जिल्ह्याला उस्मानाबाद हे नाव अखेरचा निजाम मीर उस्मान अली खान याच्यावरून मिळाले होते. आता तो पुन्हा धाराशिव झाला आहे. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. अवघ्या बारा वर्षांत येथल्या माणसाचा दरबार तीनदा बदलला. बदलत्या दरबारापुढे त्याचे गाऱ्हाणे मात्र एकच राहिले : पावसाने दगा दिल्यावर हाताला काम कोण देणार?

दयेची परंपरा आणि आणेवारी

दुष्काळात राज्यकर्त्याने काय करावे याविषयी आपल्या लोकमानसात एक आदर्श ठसलेला आहे. तो मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांचा. बहामनी काळातील या अधिकाऱ्याने दुष्काळात सरकारी धान्याची कोठारे भुकेल्यांसाठी खुली केली आणि बादशहाचा रोष ओढवून घेतला. मग प्रत्यक्ष विठ्ठलाने विठू महाराच्या रूपात दरबारी जाऊन धान्याची किंमत चुकती केली, अशी कथा आहे. कथा हृद्य आहे, परंतु तिच्यात एक कटू सत्यही दडले आहे. कोठार उघडणे ही त्या काळी एका माणसाची दया होती. दामाजीपंत नसते तर कोठार बंदच राहिले असते, आणि ते उघडल्याबद्दल कोणाला तरी किंमत मोजावी लागलीच.

इंग्रजी अमलात दयेच्या जागी नियम आला. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळानंतर नेमलेल्या दुष्काळ आयोगाने १८८० मध्ये अहवाल दिला आणि त्यातून प्रांतोप्रांतीच्या दुष्काळ संहिता तयार झाल्या. पिकांचा अंदाज घ्यावा, आणेवारी ठरवावी, ती ठराविक मर्यादेच्या खाली गेली तर टंचाई जाहीर करावी आणि मग सार्वजनिक कामे काढावीत, असा त्यांचा सर्वसाधारण क्रम. या संहितांनी पुष्कळ प्राण वाचवले हे मान्य केले पाहिजे. तथापि या साऱ्या व्यवस्थेत निर्णयाची किल्ली सरकारच्या कमरेला होती. गावात चूल पेटत नसली तरी कागदावर आणेवारी बरी निघाली, तर दुष्काळ नाही! आणि दुष्काळ नाही म्हणून काम नाही.

भूमसारख्या तालुक्याची खरी अडचण येथेच होती. येथे दुष्काळ दहा-वीस वर्षांनी येणारा पाहुणा नव्हता. पाऊस बरा झाला तरी सुगी सरली की अल्पभूधारकाला आणि भूमिहीनाला उन्हाळाभर काम नसे. ही बेकारी कोणत्याही आणेवारीत दिसत नसे. तिच्यासाठी कोणती संहिता नव्हती, कोणते कोठार नव्हते. ती दरसाल येई आणि मुकाट्याने सोसली जाई.

विसापूरचा हिशेब

वि. स. पागे यांचा जन्म १९१० सालचा. ते कायद्याचे पदवीधर, स्वातंत्र्यलढ्यातील कार्यकर्ते, गांधीविचाराचे आणि संतवाङ्मयाचे अभ्यासक. महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर जुलै १९६० मध्ये ते विधान परिषदेचे सभापती झाले आणि एप्रिल १९७८ पर्यंत, म्हणजे जवळजवळ अठरा वर्षे, त्या आसनावर राहिले. सभापतीला पक्षीय वादात उतरता येत नाही. सभागृहात बोलण्यापेक्षा इतरांना बोलू देणे हेच त्याचे काम. मंत्र्याच्या हाती असते ती सत्ताही त्याच्याकडे नसते. अशा आसनावर बसलेल्या माणसाकडून राज्याच्या ग्रामीण जीवनाला कलाटणी देणारी योजना यावी, ही विचार करण्यासारखी गोष्ट आहे.

तासगाव तालुक्यातील विसापूर हे पागे यांचे कार्यक्षेत्र. तासगावचा पूर्वभागही पर्जन्यछायेतलाच. तेथे शेतीच्या कामावर जितके पैसे लागतात तितक्यांत किती माणसांना किती दिवस काम मिळते, असा साधा घरगुती हिशेब पत्नीशी बोलताना त्यांनी मांडला आणि मग तोच त्रैराशिकाने राज्यभर लावून पाहिला, अशी आठवण सांगितली जाते. हिशेबातून निघालेला निष्कर्ष असा की, खेड्यातल्या प्रत्येक काम मागणाऱ्याला काम देणे राज्याच्या आवाक्याबाहेरचे नाही. हा विचार त्यांनी मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्यापुढे मांडला. नाईक स्वतः शेतीत मुरलेले होते. १९६५ मध्ये तासगाव तालुक्यात प्रयोगाला सुरुवात झाली.

प्रयोगाचे मर्म दोन गोष्टींत होते. एक, काम हे मजुरीपुरते नसावे, त्यातून जमिनीत पाणी मुरावे, माती अडावी, विहिरींना पाझर फुटावा, म्हणजे पुढच्या वर्षी तेच काम मागण्याची गरज कमी व्हावी. दोन, काम सरकारच्या सवडीने निघू नये, मजुराच्या मागणीने निघावे. पहिली गोष्ट विकासाची होती आणि ती अनेकांना सुचली असती. दुसरी गोष्ट न्यायाची होती. तिने निर्णयाची किल्ली कचेरीतून काढून चावडीवर आणली.

बहात्तरचा दुष्काळ

या विचाराला राज्यव्यापी रूप देण्याचे १९७२ मध्ये ठरले, आणि नेमका त्याच सुमारास महाराष्ट्रावर तो दुष्काळ कोसळला, ज्याचा उल्लेख आजही जुनी माणसे ‘बहात्तरचा दुष्काळ’ एवढ्याच शब्दांत करतात. १९७० पासून पाऊस कमी होत आला होता. १९७२ मध्ये त्याने पुरती पाठ फिरवली. उस्मानाबाद हा त्याची झळ बसलेल्या जिल्ह्यांपैकी एक. हमी योजना बाजूला राहिली आणि दुष्काळी कामे सुरू झाली. मे १९७३ मध्ये राज्यभरातील कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. जगाच्या इतिहासातही एवढ्या मोठ्या प्रमाणावर रोजगार देऊन दुष्काळ निभावल्याची उदाहरणे विरळाच.

त्या काळाच्या आठवणी मराठवाड्यात अजून पुसल्या गेलेल्या नाहीत. माळावर रांगेने बसून खडी फोडणाऱ्या बाया, झाडाच्या सावलीत फाटक्या लुगड्याच्या झोळीत निजवलेली लेकरे, हजेरीपट घेऊन फिरणारा मुकादम, रेशनवर मिळणारा लाल मिलो आणि कामावर वाटली जाणारी सुकडी. कालपर्यंत ज्यांच्या घरी सालगडी होते ते शेतकरीही घमेले घेऊन त्याच रांगेत उभे राहिले. कामावर जात विचारली जात नव्हती आणि जमिनीचा उताराही. दुष्काळाने दिलेले हे समतेचे शिक्षण कठोर होते. परंतु त्याने एक गोष्ट शिकवली. सरकारी कामावर जाणे ही लाजिरवाणी गोष्ट नाही, हे खेड्याने स्वीकारले.

या काळात विधिमंडळातील आणि बाहेरील विरोधकांनी बजावलेली भूमिकाही नोंदवली पाहिजे. शेतकरी कामगार पक्ष, लाल निशाण पक्ष, समाजवादी आणि कम्युनिस्ट कार्यकर्ते यांनी कामावरील मजुरांना संघटित केले. पाण्याच्या प्रश्नाचे गाढे अभ्यासक दत्ता देशमुख यांनी, दुष्काळ हा केवळ निसर्गाचा कोप नसून नियोजनातील उणिवेचेही फळ आहे, हा मुद्दा सातत्याने मांडला. १९७३ मध्ये इस्लामपूर येथे दुष्काळग्रस्तांच्या मोर्चावर गोळीबार झाला आणि माणसे मृत्युमुखी पडली. उस्मानाबाद जिल्ह्यापुरते बोलायचे तर शेतकरी कामगार पक्षाचे भाई उद्धवराव पाटील यांचे नाव अग्रभागी येते. हैदराबादच्या आणि पुढे मुंबईच्या विधानसभेत शेतकऱ्यांची बाजू मांडणारा हा वकील १९७७ साली लातूर मतदारसंघातून लोकसभेवर निवडून गेला. सत्तेवर असलेल्यांनी कायदा करावा यासाठी सत्तेबाहेरच्यांनी रेटा लावावा लागतो. हमीच्या कायद्यामागे असे दोन्ही हात होते.

कायदा झाला

दुष्काळ सरला आणि खरी कसोटी आली. संकट ओसरल्यावर संकटातली वचने विसरणे हा राज्यकर्त्यांचा जुना रिवाज. येथे तसे घडले नाही. हमी योजना पुन्हा सुरू झाली, आणि तिच्यासाठी पैसा कोठून आणायचा या प्रश्नाला विधिमंडळाने धीट उत्तर दिले. १९७५ साली व्यवसाय कराचा कायदा झाला आणि १ एप्रिल १९७५ पासून तो अमलात आला. शहरातील पगारदार, व्यापारी आणि व्यावसायिक यांनी खेड्यातल्या बेकारासाठी कर द्यावा, अशी ही कल्पना होती. मोटारगाड्यांवरील कर, विक्रीकर आणि बागायती जमीन यांवरही जादा भार बसवण्यात आला, आणि राज्यानेही आपल्या तिजोरीतून तेवढीच भर घालावी असे ठरले. मुंबईत नोकरी करणाऱ्या आपल्या वाचकांनी आपले पगारपत्रक काढून पाहावे. त्यात ‘व्यवसाय कर’ म्हणून जी कपात दिसते तिचा उगम येथे आहे. लोकलच्या गर्दीत उभ्या असलेल्या कारकुनाचा आणि भूमच्या माळावर खडी फोडणाऱ्या बाईचा एवढा थेट संबंध दुसऱ्या कोणत्या कायद्याने जोडला असेल असे वाटत नाही.

१९७७ मध्ये महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम दोन्ही सभागृहांत एकमताने संमत झाला. आणीबाणी नुकतीच उठली होती, पक्षापक्षांत कमालीचा कडवटपणा होता, निवडणुका तोंडावर होत्या. तरीही या एका विधेयकाला विरोध झाला नाही. परिषदेत ते संमत होताना सभापतीच्या आसनावर पागे होते. कायदा प्रत्यक्षात अमलात आला तो २६ जानेवारी १९७९ रोजी. तोवर त्यांनी आसन सोडून नऊ महिने झाले होते. वसंतराव नाईकांच्या काळात सुरू झालेले काम शंकरराव चव्हाणांच्या काळात निधीने सावरले, वसंतदादा पाटलांच्या काळात त्याचा कायदा झाला आणि शरद पवारांच्या काळात त्याची अंमलबजावणी सुरू झाली. चार मुख्यमंत्री बदलले तरी विचार टिकला, याचे श्रेय त्याला चिकाटीने धरून बसलेल्या माणसाला दिले पाहिजे.

कायद्याने काय दिले ते थोडक्यात पाहू. ग्रामीण भागातील कोणाही प्रौढ व्यक्तीने अंगमेहनतीचे काम मागितले तर पंधरा दिवसांच्या आत ते द्यावयाचे. देता आले नाही तर बेकारभत्ता द्यावयाचा. तो आरंभी दिवसाला किमान एक रुपया होता. स्त्री आणि पुरुष यांना कामाच्या मापाप्रमाणे सारखाच दर. कामावर पिण्याचे पाणी, सावली, लेकरांसाठी पाळणाघर आणि प्रथमोपचार यांची सोय. खर्चातील किमान साठ टक्के रक्कम मजुरीवर जावी, अशी योजनेची घडण. आपल्या संविधानाच्या ४१ व्या अनुच्छेदात कामाच्या अधिकाराचा उल्लेख आहे, परंतु तो मार्गदर्शक तत्त्वांत, राज्याच्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत. ते तत्त्व उचलून महाराष्ट्राने ग्रामीण भागापुरता त्याचा कायदेशीर हक्क केला. दामाजीपंतांच्या कोठारापासून येथवरची वाट फार लांबची होती.

चावडीवरचा कायदा

मुंबईत संमत झालेला कायदा भूमच्या चावडीवर पोचतो तेव्हा त्याचे काय होते? प्रथम त्याचे यश सांगावे. कोरडवाहू मुलुखात हमीच्या कामांमुळे पाझर तलाव, नालाबांध, बांधबंदिस्ती आणि खेड्यांना जोडणारे रस्ते झाले. पाझर तलाव हा कालव्याने शेत भिजवणारा तलाव नव्हे. त्याचे पाणी जमिनीत उतरते, खडकाच्या भेगांतून सरकते आणि खालच्या बाजूच्या विहिरींत प्रकटते. विहिरीला पाणी आले की चाऱ्याचा एखादा वाफा होतो, चाऱ्यावर म्हैस तगते आणि म्हशीवर खव्याची भट्टी. मजुरीच्या चार पैशांपेक्षा हे देणे अधिक टिकाऊ होते. १९९० नंतर फळबागांची लागवडही या योजनेला जोडली गेली, आणि कोरडवाहू जमिनीवर बोर, सीताफळ, आंबा यांची झाडे उभी राहू लागली.

दुसरे यश स्त्रियांचे. हमीच्या कामांवर त्यांची संख्या सुरुवातीपासून लक्षणीय होती. काम तालुक्यातच, दर सारखा आणि हजेरीपटावर स्वतःचे नाव. बाईचे नाव एरवी शिधापत्रिकेवर कोणाची पत्नी म्हणून, नाहीतर कोणाची आई म्हणून येत असे. हजेरीपटावर ते तिच्या श्रमाच्या बळावर आले. परित्यक्ता आणि विधवा यांना तर या कामाने नात्यागोत्याच्या मिंधेपणातून काही काळ का होईना मोकळे केले.

तिसरी गोष्ट मजुरीच्या भावाची. गावात सरकारी काम सुरू असेल तर जमीनदाराला मनमानी मजुरी देता येईना. हमीचे काम हाती असणे म्हणजे ‘नाही’ म्हणण्याची ताकद असणे. म्हणूनच या योजनेकडे बड्या शेतकऱ्यांनी कधी कौतुकाने पाहिले, कारण तलाव त्यांच्याही विहिरीला लाभला. आणि कधी कपाळाला आठ्या घातल्या, कारण मजूर महाग झाला.

आता अपयश. कायद्याचा सारा प्राण एका छोट्या कागदात होता. तो कागद म्हणजे काम मागितल्याच्या अर्जाची तारीख घातलेली पोच. पोच मिळाली की पंधरा दिवसांची मुदत सुरू होते, आणि मुदत संपली की भत्ता लागू होतो. म्हणून अनेक ठिकाणी सोपी युक्ती योजली गेली. मजुरांना तोंडी सांगावे, ‘काम निघाले की कळवू’. अर्ज घेऊ नये, घेतला तर पोच देऊ नये. पोच नाही म्हणून मागणी नाही, मागणी नाही म्हणून काम नाही. आणेवारीचे जुने भूत नव्या अंगरख्यात परतले. नवे काम काढण्यासाठी पन्नास मजुरांची अट होती. विखुरलेल्या वाड्यावस्त्यांवर ती जुळवणे कठीण जाई. जेथे मजुरांची संघटना होती तेथे पोच मिळाली आणि जेथे नव्हती तेथे मजूर मुकादमाच्या मर्जीवर राहिला.

याखेरीज खोटे हजेरीपट, अर्धवट सोडलेले बांध, मापात मारलेली मजुरी हे दोष होतेच. विधिमंडळाने दोन्ही सभागृहांच्या सदस्यांची रोजगार हमी समिती नेमली. ती जिल्ह्याजिल्ह्यांत फिरून कामे तपासू लागली, अधिकाऱ्यांना जाब विचारू लागली. लोकप्रतिनिधीचे हेही एक मोलाचे काम, जे वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर सहसा येत नाही. परंतु तलाव कोणाच्या शिवारात घ्यायचा, रस्ता कोणत्या वस्तीवरून न्यायचा हे ठरवताना तालुक्याचे राजकारणही शिरले. जो आमदार योजनेचा रखवालदार असायचा तोच कधी तिचा वाटेकरी झाला. १९८८ नंतर मजुरीचे दर वाढले आणि त्याबरोबर काम आखडते घेण्याकडे शासनाचा कल झाला. शहरातला कर नेमाने जमा होत राहिला. खेड्यातले काम मात्र त्या मानाने वाढले नाही.

कोयता आणि हमी

या आखडत्या हाताचा परिणाम भूम, परंडा, वाशी या तालुक्यांत दसरा-दिवाळीच्या सुमारास उघड दिसतो. ऊसतोडीसाठी कुटुंबेच्या कुटुंबे बाहेर पडतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. मुकादम पावसाळ्यात त्यांना उचल देतो आणि ती फिटेपर्यंत ते त्याचे बांधील. लेकरांची शाळा सुटते, गावात म्हातारी माणसे उरतात. उचल हीसुद्धा एक प्रकारची हमीच आहे, पण ती उलट्या दिशेची. हमीच्या कायद्यात मजूर मागतो आणि राज्य बांधले जाते. उचलीच्या व्यवहारात मजूरच बांधला जातो. तालुक्यात वेळेवर काम मिळाले असते तर यांपैकी किती कोयते घरीच राहिले असते, हा प्रश्न प्रत्येक लोकप्रतिनिधीने स्वतःला विचारावा असा आहे.

पागे १९९० साली निवर्तले. आपला विचार देशाने उचललेला पाहण्यास ते राहिले नाहीत. २००५ मध्ये संसदेने ग्रामीण रोजगार हमीचा राष्ट्रीय कायदा केला, फेब्रुवारी २००६ पासून तो टप्प्याटप्प्याने लागू झाला, आणि २००९ मध्ये त्याला महात्मा गांधींचे नाव देण्यात आले. प्रत्येक ग्रामीण कुटुंबाला वर्षाला शंभर दिवसांची हमी देणाऱ्या त्या कायद्याचा आदर्श महाराष्ट्राचा होता, हे सर्वांनी मान्य केले. त्या कायद्याने अर्जाची तारखेसह पोच देणे बंधनकारक केले. महाराष्ट्राच्या अनुभवातून शिकलेला हा धडा होता. तरीही २०१२-१३ आणि २०१५-१६ च्या टंचाईत मराठवाड्याला टँकर आणि चारा छावण्या यांवरच विसंबावे लागले, आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. कायदा होता, परंतु वेळच्या वेळी पाणलोटाची पुरेशी कामे करून घेण्याची सवय मोडली होती.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्या कायद्याची जागा घेणारा नवा कायदा संमत केला. त्यात वर्षाला १२५ दिवसांची हमी आहे. राज्यांवर खर्चाचा अधिक वाटा टाकलेला आहे. आणि पेरणी-कापणीच्या हंगामात एकूण साठ दिवसांपर्यंत ही कामे थांबवण्याची तरतूदही आहे. दिवस वाढले, ही गोष्ट स्वागताची म्हणता येईल. परंतु पागे यांच्या विचाराच्या तराजूवर हा कायदा तोलायचा तर दिवसांच्या संख्येइतकाच दुसरा एक प्रश्न महत्त्वाचा ठरतो : काम केव्हा निघावे हे कोणी ठरवायचे? पेरणी बागायती मुलुखात होत असते त्याच वेळी बालाघाटच्या माथ्यावर पाऊस न आल्याने हात रिकामे असू शकतात. हंगाम कोणाचा, हे कचेरीतून ठरले तर आणेवारीचा काळ फार दूर गेला असे म्हणता येणार नाही.

उपसंहार

विधान परिषद हे सभागृह कशाला हवे, असा वाद अधूनमधून निघतो. निवडणुकीत पडलेल्यांची सोय, अशी तिची थट्टाही होते. त्या वादात येथे पडण्याचे कारण नाही. मात्र मतांच्या हिशेबापासून काहीसे दूर असलेल्या त्या सभागृहाच्या सभापतीने, ज्यांच्या मतांची कोणी फारशी पर्वा करीत नव्हते अशा भूमिहीन मजुरांसाठी हा विचार मांडला आणि तडीस नेला, हे वादात विसरले जाऊ नये. विधिमंडळाने सदस्यांच्या प्रशिक्षणासाठी उभारलेल्या केंद्राला वि. स. पागे यांचे नाव दिले आहे. नव्या आमदारांना तेथे सभागृहाचे नियम शिकवले जातात. प्रश्न कसा विचारावा, विधेयक कसे मांडावे, लक्षवेधी सूचना कशी द्यावी. त्याबरोबर त्या नावाचा अर्थही त्यांना सांगितला जावा. एका गावच्या शिवारातील हिशेब राज्याच्या कायद्यापर्यंत नेण्यास १९६५ पासून १९७९ पर्यंत चौदा वर्षे लागली, आणि त्यासाठी मंत्रिपदाची गरज पडली नाही.

भूमच्या शेतकऱ्याने आपल्या आमदाराकडे तलाव मागावा, रस्ता मागावा. तो त्याचा अधिकारच आहे. त्याबरोबर त्याने आणखी एक गोष्ट मागावी. सभागृहात या विषयावरील प्रत्येक दुरुस्तीच्या वेळी आमच्या वतीने उभे राहा, समितीच्या बैठकीत हजेरीपट उघडून पाहा, आणि काम मागायला गेलेल्या आमच्या माणसाला पोच मिळते की नाही याची चौकशी करा. मागेल त्याला काम, हे वचन राज्याने दिले आहे. परंतु वचन पाळले जाण्यासाठी मागणारा हवा, त्याच्या हाती पोच हवी, आणि ती पोच नाकारली गेली तर विधिमंडळात विचारणारा प्रतिनिधी हवा. या तिघांपैकी एक जरी उणा पडला तरी कायदा कपाटात राहतो आणि माणसे दिवाळी होताच कोयता घेऊन गाव सोडतात.